सूचना न पाळणारा माणूस

काकांबद्दल मी लिहिलेलं पहिलं वाक्य त्यांच्या फायलीत आहे. ‘रुग्ण सूचना पाळत नाही.’ खाली माझी सही. सहा महिन्यांनी मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं, आणखी सहा महिन्यांनी परत एकदा, आणि त्या तिसऱ्या वेळी ‘अजिबात’ हा शब्द वरून घातला. चार शब्दांत माणूस निकालात काढायची मला सवय आहे. आता त्याच माणसाबद्दल जरा सविस्तर लिहिते आहे, कारण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी हॉस्पिटलात एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे. बावीस वर्षं झाली. माझ्या नाकावर राग असतो, हे मीच सांगून टाकते, नाहीतर आरामराव सांगेल. आरामराव म्हणजे माझा जोडीदार तंत्रज्ञ. एकदा बसला की तो खुर्चीचाच एक भाग होतो, म्हणून हे नाव. त्याने मला ठेवलेलं नाव फौजदार. मी एकटी राहते. आवडीने राहते, असं विचारणाऱ्याला सांगते.

आमच्याकडे यकृताच्या रुग्णांची एक वेगळी यादी असते. या माणसांच्या रक्तात काविळीच्या विषाणूने वर्षानुवर्षं मुक्काम ठोकलेला असतो, त्यामुळे यकृत कठीण आणि खडबडीत झालेलं असतं. आज त्यांना कॅन्सर नसतो, पण होण्याचा धोका तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून दर सहा महिन्यांनी त्यांना बोलावून बघायचं. बहुतेकांचं सोनोग्राफीवर निभावून जातं. ज्यांचं यकृत तिच्यात धड दिसत नाही, ते आमच्याकडे येतात. गाठ हरभऱ्याएवढी असताना सापडली तर सुई घालून जाळून टाकता येते. लिंबाएवढी झाल्यावर सापडली तर डॉक्टर आवाज खाली आणून बोलायला लागतात.

यात एकच अडचण आहे. यकृत छातीच्या पडद्याला चिकटून बसलेलं असतं, प्रत्येक श्वासाबरोबर दोन बोटं वरखाली होतं. हलणाऱ्या वस्तूचं चित्र पुसट येतं, हे लहान मुलालाही कळतं. म्हणून मी काचेच्या अलीकडून माइकमध्ये सांगते, “श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा.” मग यंत्र अठरा सेकंद ठणाणा करतं, मग मी म्हणते, “घ्या श्वास.” त्यातही काँट्रास्टचं, म्हणजे गाठ उजळून दाखवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट सोन्याचं. बारीक कॅन्सर तेवढ्यात उजळतो आणि पुढच्या दोन मिनिटांत विझतो. नेमका तेव्हा रुग्णाने श्वास घेतला की त्या दिवसाचं काम पाण्यात.

काका हे काम दर वेळी पाण्यात घालायचे.

वय एकाहत्तर, उंच, वाळकी अंगकाठी. शर्ट कडक इस्त्रीचा, पण एक गुंडी हमखास चुकीच्या काजात. अर्धा तास आधी येऊन बाकावर बसायचे. मी सूचना समजावायला लागले की माझ्या तोंडाकडे असे रोखून बघायचे की पहिल्या भेटीत मला वाटलं, म्हातारा आगाऊ दिसतोय. पण मान अगदी शहाण्यासारखी हलवायचे. “हो हो, समजलं,” म्हणायचे. आणि यंत्रात गेले की पालथ्या घड्यावर पाणी. मी धरा म्हटलं की हे श्वास घेतायत, मी घ्या म्हटलं की हे गप्प. चित्रं अशी यायची की जणू ओल्या पाटीवर कोणी हात फिरवलाय. अहवालात लिहिलं जायचं, ‘हालचालीमुळे नीट दिसत नाही, पुन्हा करावे.’ पुन्हा म्हणजे सहा महिन्यांनी.

चौथ्या खेपेला चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. त्या खाली येत नाहीत, फोन करतात. त्यांच्या हातात काकांचा रक्ताचा रिपोर्ट होता.

“यांच्या रक्तातला कॅन्सरचा आकडा वर सरकलाय,” त्या म्हणाल्या. “सोनोग्राफीत काही नाही. पण यांच्या सोनोग्राफीत कधीच काही नसतं. यांचा धाकटा भाऊ चोपन्नाव्या वर्षी याच दुखण्याने गेला. सापडल्यापासून तीन महिन्यांत. आईकडून दोघांना एकच विषाणू मिळालेला. या वेळी मला स्वच्छ चित्र पाहिजे. नाहीतर आपण आंधळेपणाने वाट बघत बसणार.”

“मी काय करू? माणूस ऐकतच नाही,” मी म्हटलं.

बोलताना मला त्या वाक्याचा अर्थ कळला असता, तर मी हे लिहायला बसलेच नसते.

काका टेबलावर झोपले. कानांवर हेडफोन, हातात घाबरल्यावर दाबायचा रबरी चेंडू, पोटावर पट्टा. हा पट्टा श्वास मोजतो. पडद्यावर त्याची लाट उमटते, श्वास घेतला की वर, सोडला की खाली. मी एरवी त्या लाटेकडे फारसं बघत नाही. तिथे बघावं लागतं ते कच्च्या लोकांना, असा माझा तोरा. त्या दिवशी भीती होती, म्हणून बघितलं.

मी म्हटलं, “धरा.” लाट वरखाली होतच राहिली. यंत्र सुरू झालं. एक, दोन, तीन सेकंद गेले आणि लाट एकदम सपाट झाली. यंत्र थांबल्यावर ती परत सुरू झाली. मी पुन्हा केलं. पुन्हा तीन सेकंद उशिरा सपाट. मग मी असा भाग लावला ज्यात श्वास धरायचाच नसतो, आरामात घ्यायचा असतो. तसं माइकवर सांगितलंही. तरी यंत्र सुरू झाल्यावर तीन सेकंदांनी लाट सपाट. वीस सेकंद. तीस. पन्नास. एकाहत्तर वर्षांचा माणूस पन्नास सेकंद जीव मुठीत धरून पडला होता, आणि शेवटी बुडता माणूस पाण्यावर यावा तशी ती लाट उसळली.

सूचना न पाळणारा माणूस असलं काही करत नाही. काका जिवाच्या आकांताने कोणती तरी सूचना पाळत होते. ती माझी नव्हती, एवढंच.

इंजेक्शन अजून दिलं नव्हतं. मी सगळं थांबवलं, त्यांना बाहेर काढलं, बाकावर बसवलं आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले.

“काका, तुमची किल्ली खाली पडलीय.”

काही नाही. मी आवाज चढवला. पलीकडच्या बाकावरचा एक गृहस्थ उठून स्वतःचे खिसे चाचपायला लागला. काका समोरच्या भिंतीकडे बघत शांत बसलेले.

मी पुढे आले. “तुम्हाला ऐकू येत नाही?”

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. “येतं की.”

मग मी जे केलं ते मला शोभलं नाही. मी तोंडावर हात धरला आणि विचारलं, “आज सकाळी किती वाजता उठलात?”

“हो हो,” काका म्हणाले, “समजलं.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. काकांनाही काहीतरी चुकल्याचं माझ्या डोळ्यांवरून कळलं असणार. त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “तो हात काढा तोंडावरचा. मग बोलू.”

काका विणकर. सोळाव्या वर्षी कारखान्यात लागले. एका छपराखाली दोनशे यंत्रमाग, आणि प्रत्येक मागावर धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटत सुटलेला. तिशी गाठेपर्यंत कान गेले. सगळ्यांचेच जायचे. “तिथे सगळेच बहिरे, त्यामुळे बहिरा असा कोणी नव्हताच,” काका म्हणाले. त्या गोंगाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून कारखान्यातली माणसं आवाज न काढता ओठांनी बोलायची. शब्द नीट कोरून, चेहरा समोर ठेवून. छपराच्या या टोकाचा विणकर त्या टोकाच्या विणकराशी गप्पा मारायचा, मुकादमाच्या पाठीमागे त्याची यथेच्छ टिंगल करायचा, आणि मुकादमाला पत्ता नसायचा.

काकू तिथेच कांड्या भरायच्या. म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळायच्या. काकांनी त्यांना लग्नाचं विचारलं ते चाळीस मागांच्या पलीकडून, ओठांनीच. काकूंनी तिथूनच उत्तर दिलं, “आधी दाढी करा.” मधल्या चाळीस मागांवरच्या सगळ्या माणसांनी ते वाचलं आणि काकांना त्या संध्याकाळी वस्तरा भेट मिळाला.

“आमच्या शेजाऱ्यांना वाटायचं, काय गुणी जोडपं आहे,” काका सांगत होते. “कधी आवाज म्हणून नाही. आणि आम्ही कडाकडा भांडत असायचो हो! दिवा मालवला की भांडण संपलं. अंधारात ओठ दिसत नाहीत ना.”

काकूंचे कान थोडे शाबूत राहिले होते. पुढे त्याच काकांचे कान झाल्या. दार वाजलं, फोन आला, खिडकीतल्या कारकुनाने काही विचारलं, सगळं काकू ऐकायच्या आणि काकांकडे तोंड करून परत बोलायच्या. यकृताचं निदान झाल्यावर सहा महिने कधी भरतात ते डोळ्यांत तेल घालून त्याच बघायच्या. दिराचे ते तीन महिने त्यांनी काढले होते. आणि यंत्रात काका झोपले की काकू त्यांच्या पायाशी उभ्या राहायच्या, पावलावर हात ठेवून. सूचना खोलीत ऐकू आली की हात दाबायचा: श्वास धरा. हात सैल सोडायचा: घ्या. तेव्हा जुनं यंत्र होतं, वरच्या मजल्यावर, आणि निवृत्त झालेले आमचे मोठे तंत्रज्ञ ते चालवायचे. त्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही, कारण रोजचं जे असतं ते कोण लिहून ठेवतं?

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. साध्या तापाने, आठ दिवसांत. यादीत नाव काकांचं होतं, धोका काकांना होता.

“मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?” मी विचारलं. रागावले होते, कोणावर ते कळत नव्हतं.

“सांगितलं की लोक ओरडायला लागतात,” काका म्हणाले. “ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात. मग होतं तेही कळेनासं होतं. आणि मला वाटलं, माझं बरोबर चाललंय. माग सुरू झाला की फळी थरथरते, तसंच तुमचं यंत्र आहे. म्हटलं, थरथर आली की श्वास धरायचा, थांबली की सोडायचा. अंदाज बांधला. घरीही अंदाजानेच चालतं सगळं. रविवारी मुलीचा फोन येतो. मी फोन उचलतो, थोडं थांबतो, म्हणतो, मी बरा आहे. आणखी थोडं थांबतो, म्हणतो, बरं, ठेव आता.”

“तिला माहीत नाही?”

“फोन तिची आईच घ्यायची ना. तिला वाटतं, आई गेल्यावर बाबा तुटक झाले.”

हे ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही. एका गावात मुलगी फोन कानाला लावून काहीबाही सांगत असणार, पोरांचं, कामाचं, कदाचित रडतही असेल एखाद्या रविवारी, आणि इकडून उत्तर येतंय, बरं, ठेव आता. तरीही ती दर रविवारी फोन करते. मी असते तर दुसऱ्याच रविवारी सोडला असता.

ते गेल्यावर मी जुनी फाइल काढली. वरच्या यंत्रावरची त्यांची चित्रं अगदी स्वच्छ. आणि प्रत्येक तपासणीसोबत सुरक्षेचे दोन फॉर्म, एक रुग्णाचा, एक खोलीत थांबणाऱ्या नातेवाइकाचा. अंगावर धातू आहे का, हृदयात यंत्र बसवलंय का, असले प्रश्न, आणि गोल गोल अक्षरांत काकूंची उत्तरं: नाही, नाही, नाही. असे सोळा फॉर्म होते. ती पानं उलटायला मला दोन मिनिटं लागली. दीड वर्षात मला ती दोन मिनिटं मिळाली नव्हती.

काकांना मी तीन दिवसांनंतरची वेळ दिली होती आणि समोर उभं राहून, सावकाश सांगितलं होतं की कोणाला तरी घेऊन या. ते ‘आणतो’ म्हणाले होते. आले एकटेच. शर्टाची गुंडी पुन्हा चुकीच्या काजात.

“मुलगी?”

“लांब असते. लहान पोरं आहेत तिला.”

“शेजारी कोणी?”

“शेजारी बदलले सगळे. नवे आहेत ते मान हलवतात, मीही मान हलवतो. तसं चांगलं चाललंय.”

मी आरामरावला सांगितलं, आज यंत्र तू चालव, मी आत जाते. तो खुर्चीसकट माझ्याकडे वळला. बावीस वर्षांत मी असं म्हटलं नव्हतं. मी घड्याळ, केसांच्या पिना, ओळखपत्राची क्लिप काढून ठेवली, फॉर्म भरला, कानात बोळे घातले आणि काकांच्या पायाशी जाऊन उभी राहिले. त्यांच्या मोज्यांची टाच रफू केलेली होती. इतकी बारीक की ताणाबाणा मोजून घ्यावा. घरी बसून हा माणूस काय करत असेल, ते मला त्या टाचेवरून कळलं.

आधी आम्ही दोनदा तालीम केली. दाबलं, धरा. सोडलं, घ्या.

“जरा जोरात दाबता तुम्ही,” काका म्हणाले.

“स्वभाव आहे माझा,” मी म्हटलं. ते त्यांनी वाचलं आणि पहिल्यांदा मनापासून हसले.

यंत्राच्या आवाजाबद्दल मी हजारो लोकांना सांगत आले आहे, थोडा आवाज होईल, घाबरू नका. तो पूर्ण वेळ आत उभं राहून मी कधी ऐकलाच नव्हता. काचेपलीकडे आरामराव दिसत होता, पण फार लांब वाटत होता. मला एकदम जाणवलं की काका दीड वर्ष इथे झोपून कसलीही खूण नसताना जीव लावून श्वास धरत होते, आणि काचेपलीकडून मी शिव्या घालत होते. मला माझी लाज वाटली. हात मात्र मी हलू दिला नाही.

इंजेक्शन गेलं. खोलीतल्या स्पीकरमधून आरामरावचा आवाज आला, “घ्या. सोडा. धरा.” मी पाऊल दाबलं. काकांचं पोट जागच्या जागी थांबलं. माझ्या बोटांखाली त्यांची नाडी तेवढी चालली होती. अठरा सेकंदांनी मी हात सैल केला आणि त्यांनी श्वास घेतला. अशी लागोपाठ तीन चित्रं घ्यायची होती, तिन्ही वेळा असंच झालं.

बाहेर आले तेव्हा आरामराव उभा होता. उभा! त्याने पडद्याकडे बोट केलं. यकृताच्या अगदी वरच्या टोकाला, फुप्फुसाच्या खाली, जिथे सोनोग्राफी पोचत नाही तिथे, एक पांढरा ठिपका पेटला होता. पुढच्या चित्रात तो विझून काळा झालेला.

डॉक्टरीणबाईंनी मोजलं. बावीस मिलिमीटर. एकच गाठ. “सापडली,” त्या म्हणाल्या. “अजून जाळण्याजोगी आहे.” माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी जुनी चित्रं शेजारी लावली, माझी, पुसट. वर्षापूर्वीच्या चित्रात त्याच जागी एक राखाडी डाग होता. आठ-नऊ मिलिमीटरचा.

“दिसत होता असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण होता.”

त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी काका एक कागद घेऊन खाली आले. वर यकृताच्या डॉक्टरांना भेटून आले होते. “ते पडद्याकडे बघून बोलत होते,” ते म्हणाले. “मी हो म्हटलं. तुम्ही सांगता का, काय म्हणाले ते?”

निदान सांगणं हे माझं काम नाही. मी वर फोन लावला. डॉक्टर घाईत होते. “अहो, सांगितलंय मी त्यांना सगळं! मान हलवत होते. बरं, तुम्ही समजावा आणि तासाभराने परत वर पाठवा, मी तोंडासमोर बसून बोलतो.”

आम्ही बाकावर बसलो. मी काकांकडे पूर्ण वळून सांगितलं. गाठ आहे. कॅन्सर आहे. लहान आहे, एकच आहे. भूल देऊन बाहेरून सुई घालतात आणि गाठ जाळतात. कागदावर मंगळवारची तारीख आहे, दोन दिवस राहायचं. नंतर दर तीन महिन्यांनी तपासायचं. काका प्रत्येक शब्द ओठांवरून उचलून घेत होते. शेवटी त्यांनी मान हलवली. या वेळी मला ती मान खरी वाटली.

उरलेलं सांगायचं की नाही, ते माझ्या हातात होतं. मान वळवून बोलले असते तरी भागलं असतं. मी बोलले असते आणि त्यांच्यापर्यंत काही पोचलं नसतं. बहुतेक माणसं कबुली अशीच देतात, जमिनीकडे बघत, पुटपुटत. ओठ वाचणाऱ्या माणसाला ती तशी देता येत नाही. त्याला तोंड द्यावं लागतं, दिवा तोंडावर घेऊन.

“काका, ही गाठ वर्षापूर्वी होती,” मी म्हटलं. “याच्या निम्म्याहून लहान होती. चित्र पुसट आलं म्हणून दिसली नाही. आणि मी लिहिलं की तुम्ही सूचना पाळत नाही. तुम्हाला ऐकू येतं का, हे मी विचारलं नाही. तीन वेळा विचारलं नाही.”

काका बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणखी काही येतंय का म्हणून.

“विचारलं असतंत तरी मी ‘येतं की’ म्हटलं असतं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “पण विचारायला हवं होतं.”

“हो.”

काकांनी हातातला कागद मांडीवर सरळ केला.

“मुलीला कळवा,” मी म्हटलं. “लिहून कळवा. कानांचंही कळवा.”

“कळवतो. पण असं कसं लगेच लिहिणार?” त्यांनी कागदाची घडी घातली, उघडली. “मला ना, एखादी गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय उमगत नाही. दवाखान्यातून घरी गेलो की हिच्यासमोर बसून सगळं परत सांगायचो. ती तिथेच तर असायची, तिनेच तर मला सांगितलेलं असायचं. तरी मी सांगायचो, आणि ती काही माहीत नसल्यासारखी विचारायची. मग मला कळायचं, आपल्याला नक्की काय झालंय ते. आता घर खायला उठतं. भिंतीला सांगून बघितलं मी. भिंत काही विचारत नाही.”

“मग मला सांगा.”

“तुम्हीच तर आता सांगितलंत.”

“तरी सांगा.”

काकांनी खाकरून घसा साफ केला. बाकावर सरसावून बसले. “तर ते म्हणाले की गाठ आहे,” ते सांगू लागले. “पण लहान. तुला… तुम्हाला वाटतं तेवढी मोठी नाही.”

“केवढी?” मी विचारलं.

“बोराएवढी.”

“कापतात?”

“छे, छे. सुईने जाळतात. बाहेरूनच.”

“दुखेल ना पण?”

“भूल देतात, म्हणाले. कळणारही नाही. तू उगीच घाबरतेस.”

“कधी करायचं?”

“मंगळवारी.”

“दोन दिवस राहायचं म्हणता. मग तुमच्याजवळ कोण थांबणार?”

“तू आहेस ना,” काका म्हणाले.

इतकं पटकन म्हणाले की त्यात विचार करून म्हटल्यासारखं काही नव्हतंच. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा माझाच होता. त्यांचे ओठ हलायचे थांबले, आणि ते रडायला लागले. आवाज अजिबात नव्हता. पलीकडच्या बाकांवरच्या एकाही माणसाने मान वळवून बघितलं नाही.

मी तिथून उठले नाही. आतून आरामरावने पुढच्या रुग्णाचं नाव पुकारलं, दोनदा पुकारलं, मग त्यानेच त्याला आत घेतलं. काकांनी रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हणाले की वर जायची वेळ झाली असेल. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. मग विभागात येऊन मंगळवार आणि बुधवारच्या रजेचा अर्ज लिहिला.